किफायतीचा हिशेब आणि मुलांची भाषा

शाळांतील आत्महत्याप्रतिबंधक उपक्रमांस 'किफायतशीर' हे विशेषण हल्ली सढळपणे लाविले जाते. 'कमी खर्चाचा' आणि 'खर्चाच्या मानाने फलदायी' या दोन भिन्न कल्पना त्यात मिसळून जातात. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या मिश्रणावर आहे.

2022 च्या राष्ट्रीय आत्महत्याप्रतिबंध धोरणाने शिक्षणसंस्थांत मानसिक स्वास्थ्याचा अभ्यासक्रम आणण्याचे उद्दिष्ट ठेविले. शिक्षकांचे वेतन चालूच असते. तेव्हा हे काम त्यांच्यावर सोपविणे स्वस्त, असे कोणासही वाटेल. पुरावा मात्र वेगळे सांगतो. युरोपातील दहा देशांतील 168 शाळा व 11,110 विद्यार्थी यांच्यावरील प्रयोगाचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. धोक्याची लक्षणे ओळखण्यास शिक्षकांना शिकविल्याने लक्षणीय फरक पडला नाही. विद्यार्थ्यांना स्वतः बोलते करणाऱ्या उपक्रमाच्या गटात मात्र वर्षअखेर आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण 0.70 टक्के, तर तुलनागटात 1.51 टक्के आढळले. बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील 2018 च्या प्रयोगाचा विषय आत्महत्या नव्हे, तर शालेय वातावरण व नैराश्य हा होता. तेथेही एकच कार्यक्रम प्रशिक्षित समुपदेशकाच्या हाती फलद्रूप झाला, शिक्षकाच्या हाती नाही. ज्याचे फल शून्य, तो उपक्रम कितीही स्वस्त असला तरी महागच म्हणावा लागतो.

परभणी जिल्ह्यात आत्महत्येचा विचार प्रामुख्याने शेतकऱ्याच्या संदर्भात झाला. 2015 चा 'प्रेरणा' प्रकल्पही त्याच्यासाठीच होता. त्याच घरातील मूल शाळेत येते. 'तुला नैराश्य जाणवते काय?' या प्रश्नास ते 'नाही' म्हणेल. 'करमत नाही', 'कशात मन लागत नाही' हे मात्र ते आपणहून सांगेल. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या दखनी वा लमाणी. भाषांतरित प्रश्नावलीने असे मूल निसटले, तर ती चूक हिशेबात 'निरोगी' म्हणून नोंदली जाते, आणि उपक्रमाचा आकडा उगाच गोमटा दिसतो.

यास्तव प्रश्नावली स्थानिक बोलीत पारखून घेणे व समुपदेशक त्या बोलीतला असणे, यांवरील व्यय अनुषंगिक मानू नये. तो मूळ खर्चातच धरावा. 14416 या 'टेलि-मानस' सेवेने मराठीत बोलण्याची सोय केली आहे. परंतु दूरध्वनी उचलण्यापूर्वी मुलाला आपल्या दुःखाचे नाव आपल्याच शब्दांत सापडावे लागते. ते काम शाळेचे आहे.