मुक्त ज्ञानकोशाची शोधपद्धति : धाराशिव जिल्ह्याच्या निमित्तानें एक परीक्षण

एका ग्रंथावरून अनेकांचे हात फिरणें ही गोष्ट आपल्याकडे नवी नाहीं. शके १५०६ मध्यें (इ. स. १५८४) एकनाथमहाराजांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रतींची पाठशुद्धि केली, आणि यापुढें कोणीं तींत आपली ओंवी घालूं नये असा निर्बंध शेवटीं लिहून ठेविला. हें काम निर्वेतन, केवळ ग्रंथप्रीतीचें होतें. तथापि नाथांनीं कोणता पाठ टाकिला, कोणता ठेविला व कां, याची नोंद मागें राहिली नाहीं. आणि त्या नोंदीवांचून अभ्यासक चारशेंहून अधिक वर्षें चांचपडत आहेत. ही गोष्ट मनांत ठेवून विकिपीडिया नांवाच्या मुक्त ज्ञानकोशाकडे पाहिलें, तर त्याचे गुण व दोष दोन्ही नीट ध्यानांत येतात.

या कोशाची इंग्रजी आवृत्ति १५ जानेवारी २००१ रोजीं निघाली व मराठी आवृत्ति १ मे २००३ रोजीं. त्याच्या चालकांनीं प्रथम, इ. स. २००० मध्यें, नुपीडिया नांवाचा कोश आरंभिला होता. तेथें प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या हातून सात पायऱ्या चढून जावा असा नियम होता. परिणाम असा झाला कीं इ. स. २००३ मध्यें तो कोश बंद पडेपर्यंत पुरे झालेले लेख दोन डझनांच्या आसपासच भरले. उलट, वाटेल त्यानें लिहावें व वाटेल त्यानें शोधावें, या तत्त्वावर चाललेला दुसरा कोश वाढत गेला. आपल्याकडे डॉ. केतकरांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढिले व तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोश निघूं लागला. त्या दोन्ही कोशांना धनी आहे. चूक सांपडली तर कोणास विचारावें हें ठाऊक आहे. मुक्त कोशास तसा धनी नाहीं. प्रत्येक पानास जोडून एक ‘चर्चा’ व एक ‘इतिहास’ मात्र आहे.

या ‘इतिहासा’चें महत्त्व पोथ्या चाळणाऱ्या वाचकांस विशेष सांगावयास नको. पानावर कोणीं, कोणत्या दिवशीं, कोणत्या घटकेस, कोणता शब्द घातला किंवा काढिला, हें सर्व तेथें राहतें. टाकलेला पाठहि नष्ट होत नाहीं. भांडारकर संस्थेनें इ. स. १९१९ मध्यें हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति इ. स. १९६६ मध्यें पुरी झाली. तिच्यांत डॉ. सुकथनकर व त्यांच्या मागून आलेल्या संपादकांनीं पानाच्या तळाशीं पाठभेद देण्याकरितां जे श्रम घेतले, ते येथें यंत्र आपोआप करितें. बखरीच्या नकलकारानें मध्येंच आपल्या धन्याच्या घराण्याची स्तुति घुसडली तर तें ओळखण्यास आपणांस भाषा, अक्षरवळण, कागद यांवरून तर्क करावा लागतो. येथें प्रक्षेप करणारा तारीखवार पकडतां येतो. एवढा लाभ पूर्वीच्या कोणत्याहि कोशास नव्हता.

परंतु पाठभेद जपणें आणि पाठनिर्णय करणें या भिन्न गोष्टी आहेत. धाराशिव जिल्ह्याचींच दोन उदाहरणें घेऊं.

पहिलें सीमेचें. १५ ऑगस्ट १९८२ रोजीं लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वींच्या ग्रंथांत ‘उस्मानाबाद जिल्हा’ म्हणून जें वर्णन येतें, त्यांत लातूर, औसा, निलंगें हे भाग येतात. खरोसा येथील लेणीं व औशाचा किल्लाहि येतो. इ. स. १९७२ चें शासकीय गॅझेटियर उघडून एखाद्या स्वयंसेवकानें त्यांतील मजकूर श्रद्धेनें उतरविला, तर त्यास आधार आहे, पृष्ठांक आहे, आणि तरीहि विधान चुकीचें आहे. ‘संदर्भ हवा’ असा शेरा मारणारा पहारेकरी येथें कांहींच करूं शकत नाहीं, कारण संदर्भ दिलेलाच असतो. आज जिल्ह्यांत धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी असे आठ तालुके आहेत, हें ज्यास ठाऊक आहे व जुनें पुस्तक कोणत्या सीमेचें आहे हें जो ताडून पाहतो, तोच ही चूक पकडूं शकतो. साधनाची परीक्षा ही केवळ नियमानें होत नाहीं. तिला जाणता मनुष्य लागतो.

दुसरें उदाहरण नांवाचें. निजामानें आपल्या कारकीर्दींत धाराशिवास स्वतःचें नांव दिलें, असें विधान अनेक ठिकाणीं आढळतें. मीर उस्मान अलीखान गादीवर आले ते इ. स. १९११ मध्यें. आतां इम्पीरियल गॅझेटियरचा १९ वा खंड पाहावा. तो इ. स. १९०८ मध्यें छापला, आणि त्यांत जिल्ह्याची नोंद ‘उस्मानाबाद’ या नांवाखालींच असून, पूर्वीं यास नळदुर्ग म्हणत, असा खुलासा आहे. म्हणजे नामकरण मीर महबूब अलीखान यांच्या कारकीर्दींतलें ठरतें. ज्याचें नांव दिलें तो तेव्हां युवराज होता, राजा नव्हता. भेद लहान दिसतो. परंतु नामांतराच्या वादांत ‘कोणीं दिलें’ हाच प्रश्न पुढें येत असल्यामुळें तो लहान नाहीं.

ही दुरुस्ति मुक्त कोशांत घालावयास गेलें तर काय होतें? तेथें एक नियम आहे कीं लेखकानें स्वतःचें संशोधन मांडूं नये. दोन ग्रंथ जोडून, दोहोंपैकीं एकांतहि नसलेलें अनुमानहि काढूं नये. इ. स. १९०८ चा खंड व इ. स. १९११ चें राज्यारोहण ही सांगड म्हणजे असेंच अनुमान आहे, असें म्हणून कोणी तें पुसून टाकूं शकतो. आणि नियमाप्रमाणें त्याचें म्हणणें सर्वस्वीं चूक म्हणतां येणार नाहीं. नियम वाईट नाहीं. जेथें लेखकाचें नांव, विद्या व पात्रता तपासण्याची सोय नाहीं, तेथें प्रत्येकास अनुमानाची मोकळीक दिली तर कोशाचा आखाडा होईल. मात्र यावरून कोशाची मर्यादा स्पष्ट होते : तो निर्णय नोंदवूं शकतो, निर्णय करूं शकत नाहीं. निर्णय करण्याची जागा संशोधकांचीं नियतकालिकें हीच आहे.

तेरचा इतिहास हेंच सांगतो. पेरिप्लसमधील ‘तगर’ कोणतें, याविषयीं विल्फर्डनें देवगिरीचें, पंडित भगवानलालांनीं जुन्नरचें, तर डॉ. भांडारकरांनीं धारूरचें नांव पुढें केलें, शेवटीं इ. स. १९०१ मध्यें फ्लीटनें तेरचा पक्ष मांडला व तो मान्य झाला. हा वाद शतकाहून अधिक चालला, पण प्रत्येक मत सही करून, कारणें देऊन, छापून मांडलें होतें. म्हणून खंडन करितां आलें व निकाल लागला.

मुक्त कोशांत वाचकांचें मत घेण्याचे प्रयोगहि झाले. इंग्रजी आवृत्तींत इ. स. २०११ च्या सुमारास लेखाखालीं तारे देऊन विश्वसनीयता, निःपक्षपात, पूर्णता व लेखन यांस गुण देण्याची सोय केली. पुढें शेरे लिहिण्याचीहि सोय झाली. उपयोगी शेऱ्यांपेक्षां निरुपयोगी शेरे निवडण्यांतच स्वयंसेवकांचा वेळ जाऊं लागला, आणि इ. स. २०१४ मध्यें ती योजना काढून टाकिली. बोध उघड आहे. मत पुष्कळ मिळालें म्हणजे परीक्षण मिळालें असें होत नाहीं.

नामांतराच्या काळांत याचा प्रत्यय येण्यासारखा होता. इ. स. २०२२ मध्यें राज्य मंत्रिमंडळाचे ठराव झाले, २४ फेब्रुवारी २०२३ रोजीं केंद्राची संमति आली, सप्टेंबर २०२३ मध्यें जिल्हा व तालुक्याच्या नांवाची अधिसूचना निघाली, आणि ८ मे २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें विरोधी अर्ज फेटाळले. अशा वेळीं पानाचें शीर्षक बदलणें सोपें असतें. जुन्या कागदांत जें नांव आहे तें तसेंच राखून, कोणत्या साली कोणतें नांव चालत होतें हें सांगणें कठीण असतें. इ. स. १८५३ ते १८६० या काळांत हा मुलूख इंग्रजांकडे होता व त्यांपैकीं आरंभींचीं कांहीं वर्षें मेडोज टेलर तेथें कारभार पाहत होता. त्या काळच्या कागदांत नळदुर्ग म्हणावें लागेल. सरसकट ‘धाराशिव’ किंवा सरसकट ‘उस्मानाबाद’ करणारा संपादक, हेतु कोणताहि असो, कागदाशीं अप्रामाणिकच ठरतो.

असो. दोष एकट्या कोशाचा नाहीं. ज्यांच्या घरीं बंद रुमालांत कागद आहेत, ज्यांनीं तुळजापूर-परांड्याकडील सनदा पाहिल्या आहेत, ते आपण लोक तेथें लिहीत नाहीं, आणि छापीतहि नाहीं. रुमालांतील कागद कोशास आधार म्हणून चालत नाहीं, छापलेला चालतो. तेव्हां आपल्या मौनामुळें पोकळी राहते, व ती जो येईल तो भरतो. मग चुकीच्या विधानाबद्दल हळहळण्याचा अधिकार आपणांस कितपत राहतो?

सबब सुचवावयाचें तें इतकेंच. आपल्या जवळील कागद नकलून, तारीख व ठिकाण देऊन, त्रैमासिकांत छापावा; नंतर कोशाच्या ‘चर्चे’च्या पानावर शांतपणें आधार दाखवावा; पुसलें गेलें तर पुन्हा दाखवावा, भांडूं नये. नाथांनीं निर्बंध लिहून ठेविला, तरी पुढील नकलकारांचा हात थांबला नाहीं. आज हात थांबविण्याची गरज नाहीं, कारण प्रत्येक हाताची खूण राहते. त्या खुणा वाचून निवाडा करणारे डोळे मात्र हवेत, आणि ते यंत्र देऊं शकत नाहीं.