घंटागाडी विजेची झाली, पण चाचणी नेमकी कशाची झाली?

'पेट'ची तयारी करणारं कुणी ना कुणी मला विचारतंच, "ताई, ई-घंटागाडी हा विषय संशोधनाला कसा आहे?" विषय चांगला आहे. पण अशा गाड्यांच्या चाचण्यांची जी ठरलेली मांडणी असते, ती मला पटत नाही. का, ते सांगते.

मी केडगावची. (दौंडजवळचं नव्हे, अहिल्यानगरचं, पुणे रस्त्यावरचं.) आमच्याकडे घंटागाडी चार घरं चालते, थांबते, गाणं वाजवत उभी राहते, परत चालते. आता 'एका चार्जमध्ये इतके किलोमीटर' हा कंपनीचा आकडा बघा. तो ठरवून दिलेल्या ड्रायव्हिंग सायकलवर मोजलेला असतो. वाहनं तपासायची मान्यता असलेली व्हीआरडीई आपल्या नगरजवळच आहे. तपासणीच्या दर्जाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या सायकलमध्ये आमची गल्ली नसते. शहराने चाचणी म्हणून परत किलोमीटरच मोजले, तर नवीन काय कळलं?

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. तिथल्या सफाई खात्याने 2020 च्या सुमारास मॅक कंपनीचा विजेवरचा कचरा ट्रक चाचणीला घेतला. तिथे हेच ट्रक हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फही ढकलतात. 2022 मध्ये आयुक्त जेसिका टिश यांनी सांगितलं की त्या कामात ट्रक चार तासांत दमले, गरज बारा तासांची आहे. हा निकाल उपयोगाचा, कारण त्यांनी गाडी कामाच्या पाळीवर तोलली.

दुसरा मुद्दा कार्बनचा. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो. म्हणजे लिटरभर डिझेलचं काम करायला चार युनिट लागली, तर वाचलं काहीच नाही! ही युनिटं भिंतीवरच्या मीटरवर मोजायची, गाडीच्या स्क्रीनवर नाही. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज स्क्रीनवर दिसतच नाही.

पण माझा खरा आक्षेप पुढे आहे. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम10 वर, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीवर बघितली जाते. (त्या यादीत पुणे, नाशिक, सोलापूर आहेत, आपलं शहर नाही.) पीएम10 मध्ये रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा. गाडीचा धूर बंद झाला तरी टायरखालची धूळ उडतच राहते. त्यामुळे 'ई-घंटागाडी आली आणि पीएम10 घटला' असं वाक्य अहवालात दिसलं, की थांबा. त्या महिन्यात पाऊस किती झाला ते आधी विचारा.

आणि गाडी आलीच नाही तर? दोन दिवस खाडा झाला की कोपऱ्यावर कचरा पेटतो. बंदी आहे, तरी पेटतो. प्लॅस्टिकसकट जळणाऱ्या ढिगाचा धूर चाचणीच्या कुठल्याच रकान्यात येत नाही. बॅटरी फेरीच्या मध्येच उतरली आणि अर्धी गल्ली राहिली, तर कागदावर उत्सर्जन शून्य आणि गल्लीत धूर, असंही होऊ शकतं.

म्हणून या विषयावर प्रस्ताव लिहायचा असेल तर एकक म्हणून गाडी घेऊ नका, फेरी घ्या. आधी डिझेल गाडीच्याच महिनाभराच्या फेऱ्या नोंदवा: कधी निघाली, किती वेळा थांबली, इंजिन चालू ठेवून किती उभी राहिली, कुठली घरं सुटली. वही आणि घड्याळ पुरतं. चालकाशी बोला; चढ कुठे लागतो आणि गाडी कुठे अडकते ते त्याला पाठ असतं. मार्गदर्शक विचारतील, "यात नवीन काय?" तेव्हा ती वही पुढे करा.