नाणेघाटातली यादी

नाणेघाटाच्या रील्समध्ये उलटा धबधबा असतो, दगडी रांजण असतो आणि ‘प्राचीन टोलनाका’ अशी ओळ असते. लेण्याच्या भिंतींवरचा ब्राह्मी लेख दोन सेकंदांत सरकून जातो. पुरावा म्हणून तो पुष्कळ वाचला गेलाय, मजकूर म्हणून फारसा नाही.

सुरुवातीला नमन आहे: धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य, चार लोकपाल. मग सातवाहन राणीची ओळख येते. महिना महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखं जगणारी. इथवर वाटतं, आता बाई स्वतःबद्दल काही बोलेल. पण सुरू होते यादी. अश्वमेध, राजसूय, एकेक यज्ञ आणि त्याची दक्षिणा. १७०० गाई, १० हत्ती, २४,४०० कार्षापणं. हा आकडा लिहायला शून्य नाही, म्हणून वीस हजार, चार हजार आणि चारशे यांची वेगवेगळी चिन्हं कोरलीत.

कंटाळवाणं आहे का? पहिल्यांदा वाचताना हो. पण मला या यादीतच बाईचा आवाज ऐकू येतो. सातकर्णी राजाच्या मागे, मुलगा लहान असताना तिने कारभार पाहिला असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल, तर हे दानाचं वर्णन कमी आणि अधिकाराचा कागद जास्त आहे. शोक नाही, विशेषणांची आतषबाजी नाही. काय दिलं, किती दिलं, एवढंच. गंमत म्हणजे मुख्य लेखात तिचं नावच उरलेलं नाही. नागनिका (लेखात ‘नायनिका’) हे नाव मिळतं ते मागच्या भिंतीवर, राजघराण्याच्या मूर्तींच्या डोक्यावर कोरलेल्या नावांत. मूर्ती गेल्या, पायांच्या खुणा राहिल्या.

माझी तक्रार वेगळी आहे. सोपारा-कल्याणहून जुन्नर-पैठणकडे माल याच वाटेने चढायचा, आणि वाचता येणाऱ्या मजकुरात ना व्यापारी आहे, ना बैल, ना जकात. रांजणाची टोलकथा आपण बाहेरून आणून जोडलीय. घाटाचा लेख घाटाबद्दल गप्प आहे. ज्यांच्या पायांनी ही वाट झिजली ती माणसं शोधायची तर घाट चढून जुन्नरच्या लेण्यांत जावं लागतं. तिथे धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणारे आहेत, कासार आहेत, यवन दातेसुद्धा आहेत. त्यांचे लेख एकदोन ओळींचे, पण नावानिशी.