'मानभावी' : एका बदनाम शब्दाची उलटतपासणी

काही वर्षांपूर्वी एका लेखात मी एका पुढाऱ्याच्या भाषणाला 'मानभावी' म्हटले होते. पुढे कनाशीला जाण्याचा योग आला. जळगाव जिल्ह्याच्या भडगाव तालुक्यातले हे गाव महानुभाव पंथाचे तीर्थस्थान आहे. तिथे एका वृद्ध तपस्विनींना दंडवत घातला. ओळख निघाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचा तो लेख मला वाचून दाखवला होता. आमच्या नावाचीच तुम्ही शिवी केली." आवाजात राग नव्हता. माझ्यापाशी उत्तरही नव्हते. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

मूळ शब्द 'महानुभाव'. अनुभाव म्हणजे प्रभाव, तेज. ज्याचा अनुभाव मोठा तो महानुभाव. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन ज्या गुरुजनांवर शस्त्र उचलायला कचरतो, त्यांना हेच विशेषण लावतो. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींच्या मागे जे घरदार सोडून निघाले, त्यांना पंथाच्या जुन्या ग्रंथांत बहुधा 'महात्मे' म्हटलेले आढळते आणि पंथाला 'परमार्ग'. एका जागी न राहता अटन करावे, भिक्षा मागावी, विजनात स्मरण करावे, असा त्यांचा आचार. संसारात राहणारा अनुयायी तो 'वासनिक'. 'महानुभाव' हे आदरवाचक विशेषण पुढे या विरक्तांचे आणि त्यांच्या पंथाचे नाव होऊन बसले.

लोकांच्या तोंडी त्याचे 'मानभाव' झाले. यात निंदा शोधण्याचे कारण नाही. बोलण्यात 'महा'मधला 'ह' दुबळा होतो, मधला ऱ्हस्व उकार गळतो. 'गोस्वामी'चा 'गोसावी' झाला तसेच हे. जळगाव-धुळ्याकडची म्हातारी माणसे आजही सहज 'मानभाव' म्हणतात, त्यात कुचेष्टा नसते. मोल्सवर्थच्या कोशातही (दुसरी आवृत्ती, १८५७) हा शब्द आला आहे.

मग 'मानभावी' म्हणजे दांभिक, हा अर्थ आला कुठून? सर्वांना ठाऊक असलेली एक म्हण आहे : 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची'. पंथाच्या बदनामीचा पुरावा म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते. माझा मुद्दा असा की, या म्हणीची साक्ष उलट बाजूची आहे.

म्हणीतला दोषी कोण? करणी कसाबाची करणारा. त्याने उसनी घेतलेली वस्तू कोणती? मानभावाचे बोलणे. उसने घेण्याजोगे ते बोलणे तेव्हाच ठरते, जेव्हा मानभावाच्या मृदू वाणीवर लोकांचा विश्वास असतो. खोटे नाणे पाडणारा चलनातल्या खऱ्या नाण्याचीच नक्कल करतो. शिवाय उलट टोकाला कसाब का? कारण मानभावाची ओळख अहिंसा ही होती. 'लीळाचरित्रा'तली ससिकरक्षणाची लीळा प्रसिद्ध आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा चक्रधरस्वामींच्या आसऱ्याला येतो आणि स्वामी पारध्यांना नुसत्या शब्दांनी वळवतात. म्हणीतली 'बोलणी' ही या परंपरेतली आहे. म्हणजे म्हण तयार झाली तेव्हा मानभाव हे सौम्यतेचे प्रमाण होते. 'मानभावी बोलणे' याचा पहिला अर्थ 'मानभावासारखे गोड बोलणे' असा असला पाहिजे. म्हणीतला कसाब हळूहळू विसरला गेला आणि त्याचे ढोंग मानभावाच्या माथी आले.

हे घसरणे सोपे व्हायला आणखी दोन गोष्टी कारण झाल्या असाव्यात. 'महा' झिजून 'मान' उरल्यावर ऐकणाऱ्याने शब्द नव्याने फोडला : मान मिळवण्याचा भाव. व्युत्पत्ती चुकीची, पण दंभाच्या अर्थाला पोषक. दुसरी गोष्ट, पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद ठेवले. काळी वस्त्रे, वेगळा आचार आणि न वाचता येणारी पोथी. बाहेरच्यांच्या मनात संशय वाढायला एवढे पुरे होते. सकळ लिपीचे कुलूप विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी उघडले. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ साली धुळ्यातच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्या पंथाचे ग्रंथ मराठी गद्याचा आरंभ म्हणून आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, ते त्याआधी कित्येक शतके पंथाबाहेरच्या कोणी वाचलेच नव्हते. शब्दाचा अर्थ मात्र न वाचणाऱ्यांनीच ठरवला.

विरक्तांच्या शब्दांवर ही पाळी नेहमीच येते. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे कोणताही धर्मपंथ. सर्व पासंडांचा आदर करावा असे राजा तिथे सांगतो. त्याच शब्दाचा आपला 'पाखंडी' झाला. 'लीळाचरित्रा'त 'गोसावी' म्हणजे साक्षात चक्रधर. आज ते एका जातीचे आणि आडनावाचे नाव आहे. आणि 'महानुभाव' हा पूर्ण शब्दही आता सुटलेला नाही. 'हे महानुभाव कोण?' असे आपण ज्याच्याविषयी विचारतो, त्याला आपण थोर मानत नसतो.

रुळलेला शब्द कोणाच्या हुकमाने भाषेतून जात नाही आणि कोशकाराने तो गाळूही नये. पण 'मानभावी = ढोंगी' एवढ्यावर नोंद थांबू नये. 'महानुभाव' या पंथनामापासून, मूळ अर्थ मृदुभाषी, पुढे अर्थापकर्ष, एवढी एक ओळ तिथे हवी. शाळेत म्हण शिकवताना कसाब कोण आणि मानभाव कोण, हेही सांगायला हवे.

माझ्यापुरते सांगायचे तर त्या पुढाऱ्यासाठी मराठीत 'दांभिक' आहे, 'ढोंगी' आहे, 'साळसूद' आहे. तो लेख पुन्हा छापायची वेळ आली तर मी यांतला एक घेईन. कनाशीला तेवढे कळवले आहे.