‘गाभ्रीचा पाऊस’ : स्वप्नाळू शेतकरी आणि काळा विनोद

मनोराज्यात रमणारा नायक विनोदी साहित्याला नवा नाही. लोककथेतील शेखचिल्लीपासून सर्व्हान्टिसच्या डॉन किहोटेपर्यंत त्याची परंपरा दाखवता येते. कल्पना आणि वास्तव यांतील अंतर नायकाला दिसत नाही, वाचकाला मात्र दिसते. या विसंगतीतून हास्य निर्माण होते. सतीश मनवर लिखित-दिग्दर्शित ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या चित्रपटातील किसना वरकरणी याच परंपरेतील वाटतो. तथापि त्याच्या स्वप्नाळूपणाचे स्वरूप वेगळे आहे आणि तेच या कलाकृतीचे मर्म होय.

विदर्भातील एका गावात कापूस पिकविणारा शेतकरी आत्महत्या करतो. शेजारच्या अलकाच्या (सोनाली कुलकर्णी) मनात धास्ती बसते, की आपला नवराही याच वाटेने जाईल. किसनाच्या (गिरीश कुलकर्णी) मनात तसे काहीच नसते. तो पावसाची वाट पाहत असतो. अलका त्याला आवडीचे खाऊ घालते, लहानग्या दिनूला त्याच्या मागावर ठेवते आणि प्रसंगी सासूलाही (ज्योती सुभाष) या कामी लावते. या अवाजवी कौतुकाचे किसनाला नवल वाटते. येथील विनोद असा दुहेरी भ्रमातून फुलतो. पाऊस येईल ही त्याची समजूत. गोडधोड आणि पाळत यांनी मरण टळेल ही तिची.

प्रश्न असा, की किसनाला भाबडा म्हणावे काय? यवतमाळ जिल्ह्यातील, उदाहरणार्थ दारव्हा तालुक्यातील बोरी अरब परिसरातील वाचकास याचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. कोरडवाहू कपाशीत बियाणे आणि खत यांचा खर्च आधी करावा लागतो. पाऊस आणि भाव यांचा निकाल मागाहून लागतो. पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी अटळ ठरते. अशा व्यवहारात आशा हा स्वभावदोष राहत नाही; तीच पेरणीची पूर्वअट बनते. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, त्यांत यवतमाळचा समावेश होता. त्यामुळे चित्रपटातील भीती एकट्या अलकाची राहत नाही.

शीर्षकही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ‘गाभ्रीचा’ ही वऱ्हाडीतील शिवी. परंतु आपल्या माणसावर रागावावे तसा आपलेपणाही तिच्यात आहे. ज्याला शिवी द्यायची, त्याचीच वाट पाहायची, हा किसनाच्या जगण्यातील विरोधाभास त्या एका शब्दात सामावतो.

याच विषयावरील ‘पीपली लाइव्ह’ (२०१०) या हिंदी चित्रपटाचा उपहास प्रामुख्याने प्रसारमाध्यमे व राजकारण यांवर रोखलेला आहे. मनवर मात्र कॅमेरा चुलीपाशी आणि बांधावर ठेवतात. पाळतीच्या प्रसंगांची पुनरावृत्ती काही ठिकाणी विनोदाची धार बोथट करते, हे मान्य करावे लागेल. तरीही किसना कोठेही हास्यास्पद ठरत नाही, हे दिग्दर्शकाचे यश आहे.

सारांश, शेखचिल्लीला हसून प्रेक्षक स्वतःला शहाणा समजतो. किसनाला हसताना ती सोय उरत नाही. त्याचे स्वप्न वेडेपणाचे ठरवायचे, तर दर मृगात तिफण हाती घेणारे प्रत्येक गाव वेडे ठरवावे लागेल.