चुना न मागणारी यक्षी

केस मोकळे सोडून उंबऱ्यात बसले की आजी ओरडायची, "जखिणीसारखी काय बसलीस?" जखीण म्हणजे मुळातली यक्षिणी, हे फार उशिरा कळलं. तिला भर उन्हात पाहिलं ते पालक्काडजवळ, मलम्पुळा धरणाच्या बागेत. कानायी कुंजिरामन यांनी १९६९ मध्ये घडवलेली ३० फुटी यक्षी तिथे पाय पसरून, विवस्त्र बसली आहे.

मल्याळी दंतकथेतली यक्षी अशी नसते. ती नटूनथटून रात्रीच्या वाटसरूला गाठते आणि पानाला चुना मागते. भुललेल्याला ताडाचं झाड वाडा भासतं. सकाळी बुंध्याशी केस आणि नखं तेवढी उरतात. (वाटसरू तर मेला, मग गोष्ट सांगितली कुणी?) उपाय म्हणजे डोक्यात खिळा ठोकणं. कोट्टारत्तिल शंकुण्णींच्या 'ऐतिह्यमाले'त कडमट्टत्तु कत्तनार असाच खिळा ठोकून यक्षीला घरकामाला लावतो. पुढे तिच्या केसांतून हात फिरवणाऱ्या म्हातारीला तो खिळा लागतो, ती तो उपटते आणि यक्षी निसटते. सगळ्या यक्षीकथांत मला ही म्हातारी सर्वांत आवडते.

कानायींनी ताड, चुना, वाटसरू सगळं गाळलं. त्यांची यक्षी कुणाकडे काही मागत नाही. नग्नतेवरून वाद झाला खरा, पण नग्न मूर्ती आपल्या देवळांवर काय कमी आहेत? मला वाटतं, खटकला तो तिचा बेपर्वा आत्ममग्नपणा. बघणाऱ्या पुरुषाला या शिल्पात जागाच ठेवलेली नाही, आणि तेच त्याचं मोठेपण आहे.

तरी एक गोष्ट मला सलते. कळ्ळियंकाट्टु नीलीच्या कथेत यक्षी होण्याआधी एक बाई आहे: देवदासीची मुलगी, दागिन्यांसाठी नवऱ्याने मारलेली. ती सूड घ्यायला परत येते. मलम्पुळ्याच्या यक्षीला असा भूतकाळच नाही. वाटसरू गेला ते बरं झालं, पण त्याच्याबरोबर तो खुनी नवराही सुटला. तिला आदिशक्ती, निसर्ग म्हणून हात जोडणं मग फार सोपं जातं.

बागेत लोक तिच्या पायाशी उभे राहून फोटो काढत होते. मी मान वर करून बराच वेळ पाहिलं. डोक्यात खिळा आहे की नाही, ते खालून दिसत नाही.