श्नाबेलच्या ध्वनिमुद्रिका : पाठ आणि उच्चार

आर्टुर श्नाबेल (१८८२–१९५१) या पियानोवादकाने बीथोव्हेनच्या बत्तीसही पियानो-सोनाटांचे ध्वनिमुद्रण १९३२ ते १९३५ या काळात लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केले. एकाच वादकाच्या हातून या सर्व रचना मुद्रित होण्याचा तो पहिला प्रसंग होय. या मुद्रिकांविषयी दोन मते रूढ आहेत. एक पक्ष त्यांना प्रमाण मानतो. दुसरा त्यांतील चुकलेल्या स्वरांकडे बोट दाखवून त्यांना केवळ ऐतिहासिक महत्त्व देतो. मात्र या मुद्रिका नेमक्या कशाचा पुरावा आहेत, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी बाजूस ठेवला आहे.

स्वरलेखन आणि वादन यांचे नाते लिपी आणि उच्चार यांच्या नात्यासारखे आहे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील चकाराचा भेद देवनागरी दाखवीत नाही. मराठी भाषक तो परंपरेने जाणतो. त्याचप्रमाणे स्वरलेखनात एकाखाली एक लिहिलेले दोन स्वर एकाच क्षणी वाजवावयाचे, की डाव्या हाताचा स्वर किंचित आधी सोडावयाचा, हे कागद सांगत नाही. पाडेरेव्स्की आणि श्नाबेल हे दोघेही लेशेटित्स्कीचे शिष्य. पाडेरेव्स्कीच्या मुद्रिकांत डावा हात वारंवार पुढे धावतो. श्नाबेलच्या वादनात ही लकब क्वचितच आढळते. तेव्हा मुद्रिका हा प्रथमतः एका व्यक्तीच्या उच्चाराचा पुरावा ठरतो. त्यावरून घराण्याविषयी वा काळाविषयी अनुमान काढताना सावधगिरी हवी.

या दृष्टीने १०६ क्रमांकाची ‘हामरक्लाव्हिअर’ सोनाटा विशेष अभ्यसनीय आहे. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या या रचनेला बीथोव्हेनने स्वतः मेट्रोनोमचे अंक दिले. त्याच्या अन्य कोणत्याही पियानो-सोनाटेला ते नाहीत. पहिल्या भागासाठी त्याने मिनिम या स्वरमूल्याचे मिनिटास १३८ ठोके सांगितले आहेत. ही गती बहुतेक वादकांना अशक्यप्राय वाटत आली असून, ते ती कमी करून सर्व स्वर शुद्ध वाजवितात. श्नाबेल या गतीच्या जवळ जाऊ पाहतो आणि त्या प्रयत्नात अनेक स्वर निसटतात. येथे अशुद्ध कोण? एकाने स्वर राखला व गतीचे चिन्ह सोडले. दुसऱ्याने चिन्हासाठी स्वराची हानी पत्करली. दोघेही पाठाचा काही अंश गमावतात. निसटलेला स्वर कानाला तत्काळ कळतो. बदललेली गती मात्र सवयीने पचून जाते, एवढाच फरक.

परंतु एवढ्यावरून श्नाबेलला पाठनिष्ठ ठरविणे घाईचे होईल. त्याच सोनाटेतील संथ भाग तो दिलेल्या अंकापेक्षा बराच विलंबित वाजवितो. १९२०च्या दशकात याच सोनाटांची टीपायुक्त आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संपादकाकडून हे अनवधानाने घडले असे मानता येत नाही. संपादक चिन्ह नोंदवितो. वादकाला त्याचा अर्थ लावावा लागतो. दोन भागांत त्याने दोन भिन्न निर्णय घेतले, आणि त्या निर्णयांचा विचार करणे हेच समीक्षेचे खरे कार्य आहे.

मुद्रणाच्या मर्यादाही ध्यानी घ्यावयास हव्यात. तबकडीची एक बाजू सुमारे चार मिनिटांत संपे. मेणावर कोरलेल्या मुद्रणात जोडकाम शक्य नव्हते. चूक झाल्यास ती बाजू संपूर्ण पुन्हा वाजवावी लागे. म्हणून राहून गेलेली चूक ही बेपर्वाईची खूण नसून त्या कार्यपद्धतीची किंमत असू शकते. पुढील पुनर्मुद्रणांत बाजूंमधील खंड मिटविले जातात आणि खरखर काढताना कधी स्वराचा विरणारा शेवटही जातो. अशा वेळी श्रोत्याच्या कानी पडते ती संस्कारकाने शोधलेली प्रत, मूळ पोथी नव्हे.

सारांश, या मुद्रिका ऐकताना यंत्राचा संस्कार, वादकाची लकब आणि रचनेचा अर्थ हे तीन थर वेगळे काढावे लागतात. ते एकत्र ऐकले की प्रमाण मानण्याचा मोह होतो किंवा दोष मोजण्याचा. वेगळे ऐकले तर वादकाने कोठे आणि कशासाठी निवड केली, हे कळू लागते. उच्चार पाठाची जागा घेऊ शकत नाही. परंतु पाठ जे सांगत नाही, त्याची नोंद उच्चारातच राहते.